नऊ पानं, ३५ टक्के आणि माझी फजिती: पोकरचं गणित कुठून शिकावं?

काठावर_पास

मंडळी, पोकर शिकायला घेऊन महिना झाला. टेक्सास होल्डेम. पैसे लावत नाही, प्लॅस्टिकच्या चिप्स आणि चौघं मित्र. नियम कळले, कुठला हात कुठल्याला भारी तेही पाठ झालं. गाडी अडलीय ती गणितापाशी. शाळेत संभाव्यता म्हणजे पिशवीतले लाल-निळे चेंडू. ती गणितं जमायची, कारण पिशवीत किती चेंडू आहेत ते प्रश्नातच छापलेलं असायचं.

परवाचा हात सांगतो. माझ्याकडे बदाम एक्का आणि बदाम सत्ती. फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर उघडलेल्या पहिल्या तीन सामाईक पानांत, बदाम राजा, बदाम तिर्री, किलवर दश्शी. चार बदाम झाले, पाचवं आलं की फ्लश (पाचही पानं एकाच रंगाची), तोही सगळ्यात मोठा. पॉटमध्ये, म्हणजे मधे जमलेल्या ढिगात, ६० चिप्स. समोरच्याने ३० लावल्या. बाकीचे दोघे पानं टाकून बसलेले, त्यामुळे सल्ला द्यायला मोकळे. डावीकडचा म्हणाला, "३५ टक्के आहेत, कर कॉल." उजवीकडचा म्हणाला, "१९ टक्के आहेत, टाक पानं." दोघंही इंजिनिअर.

मी कॉल केला, म्हणजे तेवढ्याच चिप्स भरल्या. टर्नला, म्हणजे चौथं सामाईक पान, चौकट दुर्री. त्याने ६० लावल्या, मी परत कॉल. रिव्हरला, म्हणजे पाचवं आणि शेवटचं, इस्पिक पंजी. त्याने राजा-दश्शी उघडली, दोन जोड्या. माझ्या ९० चिप्स गेल्या आणि दोघंही इंजिनिअर "मी म्हटलं नव्हतं?" असं एकाच वेळी म्हणाले.

३५ की १९? आणि टक्का कळला तरी त्याचं करायचं काय? पुस्तक उघडलं की दुसऱ्या पानावर ग्रीक अक्षरं भेटतात, मग मी मिटून ठेवतो.

पत्त्यांचा_बंगला

दोघंही चूक. टर्नला १९.१ टक्के, रिव्हरला १९.६ टक्के, बेरीज ३८.७. सोप्पं आहे.

त्रैराशिक

बंगला, थांब जरा. इंजिनिअर दोघंही बरोबर आहेत आणि घोटाळा त्यामुळेच झालाय.

काठावर, आधी मोजू. ५२ पानांपैकी तू पाच पाहिलीस, दोन स्वतःची आणि तीन फ्लॉपची. न पाहिलेली ४७. तेरा बदामांपैकी चार दिसले, उरले नऊ. जी पानं आली की आपला हात जिंकतो त्यांना आऊट्स म्हणतात, तर तुझे आऊट्स नऊ. टर्नला बदाम येण्याची शक्यता ९/४७, म्हणजे १९.१ टक्के. उजवीकडचा हेच म्हणत होता.

दोन पानांत मिळून निदान एक बदाम यावा, हे मोजायला उलटीकडून जायचं. टर्नला बदाम नाही: ३८/४७. त्यानंतर रिव्हरलाही नाही: ३७/४६. गुणाकार ०.६५०. उरलेले ३५ टक्के डावीकडच्याचे.

बंगलाच्या बेरजेत जे डाव दोन्ही वेळा बदाम घेऊन येतात ते दोनदा मोजले गेले. आणि १९.६ हा आकडा "टर्न कोरडा गेला असेल तर" या अटीवरचा आहे. बेरीजच करायची तर टर्न १९.१५ अधिक रिव्हर १९.१५, त्यातून दोन्ही बदाम येण्याचे ३.३३ वजा. उत्तर परत ३५.

आता मुख्य गोष्ट. ३५ टक्के हा दोन पानांचा भाव आहे. तू ३० चिप्स देऊन एकच पान विकत घेतलंस आणि दुसऱ्या पानासाठी तुला आणखी ६० मोजावे लागले. समोरच्याने फ्लॉपलाच शेवटची चिप लावली असती, तर दोन्ही पानं त्याच ३० मध्ये आली असती आणि डावीकडचा जिंकला असता.

अक्कड_बक्कड

टेबलावर बसून ३८ गुणिले ३७ कोण करणार. सोपा ठोकताळा: एक पान यायचं असेल तर आऊट्स गुणिले दोन, दोन पानं यायची असतील तर गुणिले चार. नऊ आऊट्स: १८ आणि ३६. दोन्ही बाजूंनी उघडं स्ट्रेट (ओळीने पाच पानं लागतात, त्यातली सलग चार आहेत) म्हणजे आठ आऊट्स: १६ आणि ३२, खरे १७ आणि ३१.५. मधलंच पान हवं असेल तर चार आऊट्स: ८ आणि १६, खरे ८.५ आणि १६.५. याहून जास्त अचूकता हवी असेल तर मित्र कंटाळून उठून जातात.

फक्त आऊट्स वाढले की चारचा ठोकताळा फुगतो. पंधरा आऊट्सना तो ६० टक्के सांगतो, खरे ५४.

काठावर_पास

त्रैराशिकताई, पिशवी आता दिसायला लागली. पण एक शंका कालपासून छळतेय. ४७ का? समोरच्याकडे दोन पानं आहेत, ती गड्डीत नाहीतच. मग गड्डीत ४५ उरली ना? आणि त्याच्याकडे बदाम असतील तर माझे नऊ नऊ राहतात का?

पत्त्यांचा_बंगला

मलाही हेच विचारायचं होतं, पण बेरजेनंतर तोंड उघडायची हिंमत होईना.

त्रैराशिक

हा प्रश्न पडला नसता तर मला काळजी वाटली असती.

त्याची दोन पानं आणि गड्डीतली तळाची दोन पानं, यांत *तुझ्या दृष्टीने* फरक काय? काहीच नाही. दोन्ही पालथी आहेत, दोन्हींत काय आहे तुला ठाऊक नाही. समज, त्याने आपली दोन पानं न बघता गड्डीच्या तळाशी सरकवली. वरचं पान बदलेल का? नाही. मग शक्यताही बदलत नाही.

विश्वास बसत नसेल तर हिशोब घे. उरलेल्या ४७ पानांतून त्याला दोन पानं मिळण्याच्या १०८१ जोड्या आहेत. त्यातल्या ७०३ जोड्यांत एकही बदाम नाही, तेव्हा तुझी शक्यता ९/४५. एक बदाम असलेल्या ३४२, तिथे ८/४५. दोन्ही बदाम असलेल्या ३६, तिथे ७/४५. आता त्या-त्या वजनाने सरासरी काढ: ७०३ गुणिले ९ अधिक ३४२ गुणिले ८ अधिक ३६ गुणिले ७, म्हणजे ९३१५. भागिले ४५, २०७. तर २०७/१०८१. वर-खाली २३ ने भाग दे.

पत्त्यांचा_बंगला

९/४७!!! वहीत करून पाहिलं. अंगावर काटा आला राव.

काठावर_पास

मी दोनदा केलं. पहिल्यांदा ९/४६ आलं म्हणून खूश झालो होतो, पण वजाबाकी चुकली होती.

त्रैराशिक

एक पुरवणी. हे सगळं त्याने तोंड उघडेपर्यंत खरं. त्याने पैज लावली की त्याची पानं "कुठलीही दोन" राहत नाहीत. सत्ती-दुर्री घेऊन तो सहसा ३० लावणार नाही. पण ते पुढचं. आधी भाव बघू, कारण तुझा दुसरा प्रश्न तोच होता.

पॉट ६०, त्याचे ३०, तुझे ३०: एकूण १२०. त्यात तुझा वाटा ३०, म्हणजे चौथा हिस्सा. तर तुला निदान २५ टक्के वेळा जिंकायला हवं. याला पॉट ऑड्स म्हणतात आणि त्यात एवढंच आहे: आपण भरायचे ते, भागिले भरल्यानंतरचा पूर्ण पॉट. अर्ध्या पॉटची पैज असेल तर नेहमी २५ टक्के. पूर्ण पॉटची असेल तर ३३. पॉटच्या दुप्पट असेल तर ४०. हे तीन आकडे पाठ कर.

तुझ्याकडे होते १९, भाव मागत होता २५. असा कॉल शंभरदा केलास तर १९ वेळा ९० मिळतात, ८१ वेळा ३० जातात. सरासरी काढली की दर कॉलमागे ७ चिप्सचा तोटा. टर्नचा कॉलही त्याच जातीचा: ६० भरून २४० चा पॉट, परत २५ टक्के हवेत, तुझ्याकडे ९/४६. सरासरी तोटा १३.

काठावर_पास

म्हणजे ९० चिप्स गेल्या, पण चूक फक्त २० चिप्सची होती?

त्रैराशिक

छान मांडलंस. फक्त दोन तोट्यांची सरळ बेरीज करू नकोस, टर्नचा प्रसंग दर वेळी येत नाही, बदाम आला तर तो टळतो. पण विचार हाच. बाकीच्या चिप्स पत्त्यांनी नेल्या, तू नाही घालवल्यास.

अक्कड_बक्कड

ताई, पण काठावरचा फ्लश लागला असता तर रिव्हरला आणखी चिप्स निघाल्या असत्याच ना समोरच्याकडून? ते धरलंच नाहीत.

त्रैराशिक

नाही धरलं, खरंय. इम्प्लाइड ऑड्स म्हणतात ते. फ्लॉपचा कॉल बरोबरीत यायला बदाम आल्यावर पुढे सरासरी ३७ चिप्स जास्तीच्या मिळायला हव्या होत्या: ३८ गुणिले ३० भागिले ९, वजा आधीचे ९०. १२० च्या पॉटमध्ये ३७ काढणं अवघड नाही. म्हणून फ्लॉपचा कॉल मी माफ करते. टर्नचा नाही. तिथे रिव्हरवर सरासरी ६७ जास्तीच्या लागतात आणि टेबलावर तीन बदाम उघडे पडले की समोरचा शहाणा होतो.

निवांत_आजोबा

तरुण मंडळींनो, एवढी हुशारी जुगारात? द्यूतात गणित आलं म्हणून द्यूत धुतलं जात नाही. ऋतुपर्णाने झाडाकडे बघून पानं-फळं मोजली आणि नलाला अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या, शिकवलं, हे खरं. पण नल त्या विद्येने राज्य परत मिळवून थांबला. तुम्ही थांबणार का?

त्रैराशिक

आजोबा, आमच्या चिप्स प्लॅस्टिकच्या आहेत. आणि संभाव्यतेचं शास्त्रच जुगाराच्या टेबलावर जन्मलं, त्याला आपण काय करणार. डाव अर्ध्यात मोडला तर लावलेली रक्कम कशी वाटायची, या भांडणावर १६५४ साली पास्कल आणि फर्मा यांनी एकमेकांना पत्रं लिहिली. "आत्ता कोण पुढे आहे" हे सोडून "इथून पुढे काय काय होऊ शकतं" ते मोजायचं, ही कल्पना त्या पत्रव्यवहारात पक्की झाली. वर आपण बदाम मोजले ते त्याच रीतीने.

निवांत_आजोबा

पत्रं माहीत आहेत, मी संख्याशास्त्रच शिकवत होतो. म्हणून तर बोललो. एक आकडा तुमच्या हिशोबात कुणी घातला नाही, तो घालतो. पैसे लावून जिथे खेळतात तिथे टेबल चालवणारा प्रत्येक पॉटमधून आपला हिस्सा काढतो. समजा ५ टक्के. तर १२० चा पॉट जिंकणाऱ्याच्या हाती ११४ येतात आणि तुमचे २५ टक्के २६.३ होतात. चार सारख्याच हुशार माणसांनी रात्रभर खेळावं, सकाळी चौघंही तोट्यात. नफा एकाचाच, जो खेळला नाही त्याचा.

अक्कड_बक्कड

आजोबा एकदम सिक्सर.

काठावर_पास

त्या हिश्श्याचा मी विचारच केला नव्हता. आम्ही प्लॅस्टिकवरच बरे.

ताई, "ते पुढचं" म्हणून ठेवलेलं आता सांगा. समोरच्याकडे काय आहे हे कळायला मनकवडा व्हावं लागतं का?

चिकटगुंडा

हे मी घेतो, माझा आवडता भाग आहे.

मनकवडा नको, मोजणी पुरे. ५२ पानांतून दोन पानांच्या जोड्या १३२६. कुठलीही एक ठरावीक जोडी, म्हणजे दोन एक्के किंवा दोन दुर्र्या, सहा प्रकारे बनते. एक्का-राजासारखी दोन वेगळी पानं सोळा प्रकारे: चार एकाच रंगाच्या, बारा वेगळ्या रंगांच्या. त्यामुळे दोन एक्के मिळण्याची शक्यता ६/१३२६, म्हणजे २२१ डावांत एकदा. नवशिक्यांना कायम वाटतं की समोरच्याकडे एक्क्यांची जोडी आहे. नसते. एक्का-राजा त्याच्या जवळजवळ तिप्पट वेळा असतो.

आता पाहिलेली पानं वजा कर. तुझ्या फ्लॉपवर एक राजा उघडा, तुझ्या हातात एक एक्का. उरले तीन राजे, तीन एक्के. एक्का-राजा आता ९ प्रकारेच शक्य. राजा-दश्शीही ९. राजाची जोडी ३, दश्शीची ३, तिर्रीची ३. राजा-राणी १२, राजा-गुलाम १२. समोरचा यांपैकीच काही घेऊन ३० लावतो असं धरलं तर एकूण ५१ हात.

याचा उपयोग बघ. तुझा एक्का जोडीला आला तर? तीन एक्के उरलेत, म्हणजे आणखी तीन आऊट्स? राजा-राणी आणि राजा-गुलाम, या २४ हातांपुढे हो. बाकी २७ पुढे एक्क्यांची जोडी लागूनही तू मागेच. म्हणजे तीन एक्के हिशोबात धरायचे ते जेमतेम दीड. नऊ आणि दीड, साडेदहा. भाव मागत होता २५ टक्के, तुझ्याकडे ताई म्हणतात त्या १९ ऐवजी २२ च्या आसपास. अजूनही कमीच, पण अंतर घटलं.

आणि एक कुरापत काढतो. त्याच्याकडे राजा-दश्शी होती हे आता माहीत आहे. मग बदाम दश्शी तुझा आऊट नव्हताच! तो आला असता तर तुझा फ्लश आणि त्याचं फुल हाऊस (एकाची तीन, दुसऱ्याची दोन), जे फ्लशला भारी. सगळ्यात जास्त चिप्स जाण्याचं पान तेच. मला काल झोप येत नव्हती म्हणून टर्न-रिव्हरच्या सगळ्या ९९० जोड्या मोजल्या. फ्लश लागून टिकतो अशा २९२. वर दोन एक्के, दोन सत्त्या, एक्का-सत्ती, एक्का-तिर्री, राणी-गुलाम असे योगायोग धरून आणखी ३३. एकूण ३२५. म्हणजे ३२.८ टक्के. ३५ मधले दोन टक्के राजा-दश्शीने खाल्ले.

दशांशचिन्ह

चिकटगुंडा, नाव सार्थ केलंस.

मूळ मुद्द्यावर: काठावर, कोरी गड्डी घे. ती पाच पानं बाजूला काढ. उरलेली ४७ पीस, वरची दोन उघड, बदाम आला की काडी मार. असं दोनशे वेळा कर. पुस्तकाच्या दहा पानांनी जे कळत नाही ते यात कळतं.

काठावर_पास (चार दिवसांनी)

केलं. दोनशे डाव. बदाम ६१ वेळा आला. ३५ टक्क्यांनी ७० यायला हवा होता. आता सांगा, माझी गड्डी खराब की त्रैराशिकताईंचं गणित?

त्रैराशिक

🙂 दशांश, तूच सांग.

दशांशचिन्ह

दोन्ही ठणठणीत. दोनशेला ३५ टक्क्यांनी गुण, त्याला ६५ टक्क्यांनी गुण, वर्गमूळ काढ: पावणेसात. एवढी चढउतार अगदी सर्वसाधारण. शंभर जणांनी हाच प्रयोग केला तर पंच्याण्णवांचे आकडे साधारण ५७ ते ८३ च्या मध्ये पडतील. तुझे ६१ आतच आहेत.

मात्र नीट पिसलीस ना? गड्डीचे दोन भाग करून एकमेकांत फरफर मिसळायची पद्धत असेल तर सात वेळा मिसळावं लागतं, हे बेयर आणि डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवलं. दोन-तीनदा करून सोडलं की आधीचा क्रम बराचसा तसाच राहतो.

आणि आता जरा धक्का बसेल असं सांगतो. समजा तू चांगला खेळाडू झालास आणि शंभर हातांमागे सरासरी ५ बिग ब्लाइंड (पानं बघण्याआधी भरायची सक्तीची मोठी पैज, तेच मोजमाप) जिंकतोस. नो लिमिट होल्डेममध्ये, म्हणजे जिथे पैजेला मर्यादा नाही, शंभर हातांमागची चढउतार ९० च्या घरात धरायला हरकत नाही. दहा हजार हात खेळलास: अपेक्षित कमाई ५००, चढउतार ९००. म्हणजे चांगला असूनही दहा हजार हातांनंतर तोट्यात असण्याची शक्यता सुमारे २९ टक्के. एक लाख हातांनंतर ती ४ टक्क्यांवर येते. तुम्ही चौघं आठवड्यातून एकदा बसून एक लाख हात कधी खेळणार ते तूच मोज.

पत्त्यांचा_बंगला

म्हणजे परवा जिंकलो म्हणून मी जो माज करत फिरतोय तो...

दशांशचिन्ह

आवर.

काठावर_पास

मग मी बरोबर खेळतोय का, हे निकालावरून कळणारच नाही?

दशांशचिन्ह

चिप्स मोजून नाही. एक वही कर आणि हात संपल्यावर चारच गोष्टी लिही: पॉट किती, भरायचे किती, तुला तुझी शक्यता किती वाटली, काय केलंस. हरला की जिंकला ते लिहायचंच नाही. आठवड्याने शांतपणे परत मोज. अंदाज कुठे फुगतात ते आपोआप दिसतं. माझे दोन जोड्यांवर फुगायचे.

काठावर_पास

ब्लफचं काय? त्यात तर गणित नाही ना, ती छातीची गोष्ट.

त्रैराशिक

उलट तिथेच जास्त. तीन पानांचा एक चिमुकला पोकर आहे, हॅरॉल्ड कून यांनी १९५० मध्ये मांडलेला. गुलाम, राणी, राजा एवढीच गड्डी. दोघं भिडू, प्रत्येकी एक चिप पॉटमध्ये, प्रत्येकाला एक पान. पहिला एक चिप लावतो किंवा नुसता चेक करतो, म्हणजे काही न लावता पाळी पुढे देतो. चेक केला तर दुसऱ्याला तीच मुभा. लावली तर समोरच्याने एक भरायची नाहीतर पान टाकायचं, पॉट वाढवायची सोय नाही. बस. दहा मिनिटांत शिकशील.

समज तू दुसरा आहेस आणि पहिल्याने चेक केलं. राजा असेल तर लाव. राणी असेल तर गप्प बस. आणि गुलाम, जो उघडला तर हमखास हरतो, तो घेऊन तीनातून एकदा लाव. दोनदा नाही, शून्यदा नाही, एकदा. का? पॉट दोनचा, पैज एकची. समोरच्याकडे राणी असेल तर त्याला एक भरून चारचा पॉट, त्याला हवेत २५ टक्के. तू राजावर नेहमी आणि गुलामावर तीनातून एकदा लावतोस, म्हणजे चार पैजांत एक खोटी. बरोबर २५ टक्के. त्याने कॉल केला काय, पान टाकलं काय, त्याला सारखंच. तू जास्त खोटं बोललास तर तो कॉल करून तुला धुतो. अजिबात नाही बोललास तर राणी टाकून देतो आणि तुझ्या राजाला गिऱ्हाईकच मिळत नाही.

तीनातून एकदा कसं ठरवायचं? घड्याळाचा सेकंदकाटा पहिल्या वीस सेकंदांत असेल तर लाव. मनाने ठरवायला गेलास की साचा तयार होतो.

गंमत म्हणजे दोघंही असे अचूक खेळले तरी पहिल्याला दर डावामागे सरासरी एका चिपच्या अठराव्या हिश्श्याचा तोटा होतो. आधी बोलावं लागतं त्याची ही शिक्षा. मोठ्या पोकरमध्ये सगळे शेवटच्या जागेसाठी का धडपडतात ते इथेच कळतं.

चिकटगुंडा

याच धाग्याचं टोक पकडून संगणक कुठवर गेले बघा. दोघांचा लिमिट होल्डेम (पैजेची रक्कम ठरलेली असते तो) २०१५ मध्ये अल्बर्टा विद्यापीठातल्या मंडळींनी जवळजवळ पूर्ण सोडवला. आणि नो लिमिटमध्ये लिब्राटस नावाच्या प्रोग्रॅमने जानेवारी २०१७ मध्ये चार व्यावसायिक खेळाडूंना १,२०,००० हात खेळून हरवलं. तोही ब्लफ करतो. त्याला छाती नाही.

काठावर_पास

तीन पानांचा डाव बहिणीबरोबर खेळलो, साठ डाव. हरलो. सेकंदकाटा बघून लावायचो ते ठीक, पण गुलाम असला की मी घड्याळाकडे बघतो आणि राजा असला की बघत नाही, हे तिच्या पाचव्या डावात लक्षात आलं.

त्रैराशिक

हाहाहा! प्रत्येक वेळी बघायचं रे, पान कुठलंही असो.

निवांत_आजोबा

बहिणीला इथे सदस्य करून घ्या.

काठावर_पास (रविवारी)

काल परत तोच प्रकार. चार बदाम, फ्लॉप उघडलेला, पॉट ८०. समोरच्याने पूर्ण ८० लावल्या. मी मनात म्हटलं, पूर्ण पॉट म्हणजे ३३ टक्के हवेत, एका पानाचे माझ्याकडे १९. पानं टाकली. डावीकडचा इंजिनिअर म्हणाला, दाखव ना पुढचं पान. उघडलं. बदाम पंजी. हसून हसून दोघं खुर्चीवरून पडायचे राहिले. मी वहीत लिहिलं: पॉट ८०, भरायचे ८०, शक्यता १९, फोल्ड. निकाल लिहिला नाही. बरोबर ना?

अक्कड_बक्कड

समोरच्याकडे मागे किती चिप्स उरल्या होत्या? ते लिहिलंच नाहीस. ३८ गुणिले ८० भागिले ९, त्यातून १६० वजा: १७८. बदाम आल्यावर त्याच्याकडून सरासरी एवढ्या निघणार असतील तर कॉल बरोबर होता.

काठावर_पास

थांबा, आठवतो. ८० लावल्यावर त्याच्यासमोर एक पूर्ण गठ्ठा आणि वर थोड्या. नव्वद.

अक्कड_बक्कड

मग सगळ्या काढल्या असत्यास तरी पुरत नव्हत्या. फोल्डच. वहीत पाचवा रकाना कर.